थायरॉईड कमी असताना रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे

माझा पहिला रिपोर्ट घरी आणला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय गं, थायरॉईड वाढलाय काय?" मी कागदाकडे बघितलं. टीएसएच १८.६, आणि पुढे ठळक अक्षरात 'एच'. म्हटलं, "होय, वाढलाय." पुढचे दोन महिने मी येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत होते. शहापुरातल्या आमच्या गल्लीत एका वैनींचं थायरॉईड खरोखरच जास्त होतं. त्यांनी मायेने आपल्या पथ्याची यादी मला लिहून दिली आणि मी ती पाळली.

खरं म्हणजे माझं थायरॉईड कमी झालं होतं. वाढलं होतं ते टीएसएच. टीएसएच गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत तयार होतच नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून, आणि थायरॉईडला 'काम कर' असं सांगणं हे त्याचं काम. थायरॉईड ऐकेनाशी झाली की पिट्युटरी आणखी मोठ्याने हाका मारते, म्हणून आकडा चढतो. म्हणजे टीएसएच वर, तर थायरॉईड खाली. हे एवढं कळायला मला दोन महिने लागले आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) हा शब्द कळायला चार वर्षं. तुमची ती चार वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात अडचण थोडी जास्तच आहे. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्यातलं बोलणं निम्मं कानडीत, आणि घरी आज्जीला समजावायचं मराठीत. त्यात डॉक्टर दाखवायचा मिरजेला नाहीतर कोल्हापूरला आणि रक्त द्यायचं बेळगावात, असंही पुष्कळांचं चालतं. गोळीचा डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, त्यात हा लेख हात घालणार नाही. पण समोरचा कागद काय म्हणतो हे तुम्हाला कळलं, तर डॉक्टरांच्या पाच मिनिटांत दोन प्रश्न नेमके विचारता येतात.

१. आधी फाईल करा

प्लॅस्टिकची साधी फाईल घ्या. तिच्यात हे हवं:

- आतापर्यंतचे सगळे थायरॉईडचे रिपोर्ट, जुना खाली आणि नवा वर
- डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, डोस कधी बदलला त्या तारखेसह
- चालू गोळीच्या बाटलीच्या लेबलचा फोटो
- इतर सगळ्या गोळ्यांची यादी: ॲसिडिटीची, कॅल्शियमची, लोहाची, बीपीची, साखरेची, केसांसाठीची, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा
- बाईमाणसाने शेवटच्या पाळीची तारीख आणि रक्तस्राव किती दिवस, किती जोराचा
- आई, मावशी, बहीण यांच्यात कुणाला थायरॉईड, पंडुरोग, कोड किंवा टाइप १ मधुमेह आहे का

शेवटचा मुद्दा उगाच नाही. आपल्याकडे आयोडीनयुक्त मीठ सगळीकडे पोचल्यानंतर थायरॉईड कमी होण्याचं मोठं कारण हाशिमोटोचा आजार हे आहे. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. असे आजार घराण्यात फिरतात आणि एकाच माणसात एकापेक्षा जास्तही असतात.

फाईलच्या पहिल्या पानावर एक तक्ता आखा: तारीख, टीएसएच, फ्री टी४ (थायरॉईडमध्ये तयार होणाऱ्या थायरॉक्सिन या हार्मोनचा रक्तातला मोकळा भाग), गोळी किती मायक्रोग्रॅम, लॅब कुठली, शेरा. शेऱ्यात 'ताप येऊन गेला', 'गावाला गेले, चार गोळ्या चुकल्या' असं खरं खरं लिहा. माझ्या डॉक्टरांनी सगळ्यांत जास्त वाचलेलं पान तेच आहे.

२. कोणत्या तपासण्या, आणि कोणत्या नकोत

पहिल्यांदा: टीएसएच, फ्री टी४, आणि एकदाच अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उलटलेल्या प्रतिपिंडांची तपासणी. अँटी-टीपीओ वाढलेलं असलं की हाशिमोटोकडे बोट जातं. ते दर सहा महिन्यांनी पुन्हा करण्याची गरज नाही, कारण त्या आकड्यावरून डोस ठरत नाही.

त्याच रक्तात डॉक्टरांना विचारून हे जोडून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी१२, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि कोलेस्टेरॉल. थायरॉईड कमी असलं की वाईट कोलेस्टेरॉल चढतं आणि गोळी लागू पडली की बरंचसं आपोआप उतरतं. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होण्याआधी टीएसएच एकदा बघितलेलं बरं.

'थायरॉईड प्रोफाइल' मागितलंत तर पुष्कळ ठिकाणी टी३, टी४, टीएसएच असं त्रिकूट करून देतात. त्यातला टी४ हा 'टोटल' असतो. रक्तातला बहुतेक टी४ प्रथिनांना चिकटून फिरतो, मोकळा असतो तो अगदी थोडा, आणि पेशींच्या कामाला येतो तो मोकळाच. गरोदरपणात किंवा पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात, मग टोटल टी४ फसवतो. चिठ्ठीवर 'फ्री टी४' असं स्पष्ट लिहून घ्या.

साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आजार माहीत असलेल्या माणसाने त्याच्या मागे लागू नये. रिपोर्टमधली मर्यादा साधारणपणे शंभरातल्या ९५ निरोगी माणसांवरून ठरवलेली असते. म्हणजे धडधाकट माणसाच्याही वीस तपासण्या केल्या तर एखादा आकडा बाहेर जायचाच, आणि त्याच्या काळजीत खरा आकडा मागे राहतो.

३. रक्त द्यायला जाताना

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

वेळ एकच ठेवा. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलंत, तर गोळी तीच असूनही आकडा वेगळा येईल. मी नेहमी साडेसात ते साडेआठमध्ये देते.

त्या दिवशीची थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ तात्पुरता चढलेला असतो. गोळी आणि पाण्याची बाटली पिशवीत घेऊन जा, रक्त दिलं की तिथेच घ्या, अर्धा-पाऊण तास थांबा, मग चहा-इडली.

केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम. ते शरीराला अपाय करतं म्हणून नव्हे, पण पुष्कळ यंत्रांच्या तपासणीच्या पद्धतीतच ते ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त दिसू शकतं, म्हणजे डोस जास्त झाल्याचा भास होतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा. डोस फार मोठा असेल तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. केस गळतात म्हणून गोळी, गोळीमुळे चुकीचा रिपोर्ट, त्यावरून डोस कमी आणि पुन्हा केस गळती, हे चक्र मी दोन मैत्रिणींच्या बाबतीत बघितलं आहे.

टायफॉईड, डेंगी, मोठा ताप, ऑपरेशन यानंतर लगेच तपासू नका. आजारपणात हे आकडे हलतात. डॉक्टरांनी तातडीने सांगितलं नसेल तर बरं वाटल्यावर सहा आठवडे जाऊ द्या.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधीचे चार-पाच दिवस नेमाने घेतल्या, तर टीएसएच जास्त आणि फ्री टी४ चांगला किंवा थोडा जास्तच, अशी विचित्र जोडी येते. डॉक्टर बुचकळ्यात पडतात आणि डोस वाढवतात. गोळ्या चुकल्या असतील तर तसं सांगून टाका. रागावले तरी एक मिनिट रागावतील.

४. टीएसएच आणि फ्री टी४ नेहमी जोडीने वाचा

गरोदर नसलेल्या मोठ्या माणसात टीएसएचची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी छापलेली असते. फ्री टी४ ची साधारण ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. आता जोड्या बघा.

टीएसएच जास्त, फ्री टी४ कमी: थायरॉईडची उघड कमतरता. गोळी लागते.

टीएसएच जास्त, फ्री टी४ मर्यादेत: याला सबक्लिनिकल म्हणतात, म्हणजे ग्रंथी दमली आहे पण अजून भागवून नेते आहे. टीएसएच १० च्या वर असेल तर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतात. ४.५ ते १० च्या मध्ये असेल तर वय, त्रास, अँटी-टीपीओ, मूल हवं आहे का हे बघून ठरवतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर हा आकडा कित्येकदा आपसूक खाली येतो. त्यामुळे ५.८ बघून त्याच संध्याकाळी मेडिकलमधून बाटली आणू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसात थोडं जास्त टीएसएच स्वाभाविक असू शकतं, आज्जीला नातीच्या मर्यादेत कोंबायचं नसतं.

गोळी चालू असताना टीएसएच फार कमी: डोस जास्त होतो आहे. अंगात हुशारी वाटते म्हणून काही जणांना हे आवडतं, पण वर्षानुवर्षं असं राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात, पाळी गेलेल्या बायकांची तर जास्तच.

फ्री टी४ कमी, पण टीएसएच कमी किंवा 'नॉर्मल': ही जोडी वरवर निरुपद्रवी दिसते आणि म्हणूनच निसटते. यात दोष थायरॉईडऐवजी पिट्युटरीत असू शकतो. लवकर तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा.

गरोदरपणाचं गणित वेगळं. मर्यादा वेगळ्या, आणि गोळीची गरजही वाढते, बहुधा पाव ते तृतीयांशाने. गोळी चालू असलेल्या बाईची पाळी चुकली आणि गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आली, की पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची भिस्त आईच्या थायरॉईडवरच असते.

कागद बाजूला ठेवून धावायचे प्रसंगही सांगून ठेवते: छातीत दुखणं, न थांबणारी धडधड, किंवा थायरॉईडच्या रुग्णाचं अंग गार पडून गुंगी येणं, असंबद्ध बोलणं. तेव्हा रिपोर्टची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात.

५. लॅब बदलली की आकडे नव्हे, एकक आधी बघा

निपाणीच्या माझ्या नणंदेने एकदा घाबरून फोन केला. आधीच्या रिपोर्टमध्ये फ्री टी४ १.१ होता, नव्यात १४.२. "वैनी, तेरापट वाढला!" तिने कोल्हापूरला डॉक्टर दाखवले होते, तिथल्या लॅबचं एकक वेगळं होतं. दोन्ही आकडे एकच होते.

फ्री टी४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर साधारण १३ ने गुणा, पिकोमोल प्रति लिटर मिळतं. व्हिटॅमिन डी नॅनोग्रॅममध्ये असेल तर अडीचने गुणलं की नॅनोमोल. बी१२ पिकोग्रॅममध्ये असेल तर पाऊणने गुणलं की साधारण पिकोमोल. टीएसएच आणि फेरिटिनची एककं दोन प्रकारे लिहितात, पण आकडा तोच राहतो.

एकक सारखं असलं तरी यंत्रं वेगळी असतात, त्यामुळे दोन लॅबचे आकडे थोडे वेगळे येणारच. शक्यतो एकच लॅब धरा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे गावातल्या बाईला साध्या सरकारी बसने बेळगाव गाठायला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, तेव्हा डॉक्टर मिरजेचे असले तरी रक्त दर वेळी बेळगावात एकाच ठिकाणी देता येतं. रिपोर्ट फोनवरून पाठवता येतो.

६. टीएसएच ठीक आहे, तरी अंगात त्राण नाही

माझं टीएसएच गोळी सुरू केल्यावर वर्षभरात २.४ वर आलं. डॉक्टर म्हणाले उत्तम. पण ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीचा जिना चढताना मला मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. कंगव्यात केसांची गुंडाळी यायची. नखं इतकी पातळ झाली होती की हिरव्या वाटाण्याची शेंग सोलताना अंगठ्याचं नख उलटं वळायचं. मी हे सगळं थायरॉईडच्या खात्यावर लिहीत राहिले. हिमोग्लोबिन ११.६ होतं, 'बायकांत असतंच' असं एका दवाखान्यात ऐकवलं गेलं. बायकांत १२ च्या खाली म्हणजे पंडुरोग, असतंच असं नसतं.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी फेरिटिन करायला सांगितलं. आलं ९.

फेरिटिन म्हणजे शरीराच्या कोठारातलं लोह. घरात रोजचा स्वयंपाक चालू असतो तोवर पाहुण्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण धान्याची कणगी उघडली तर तळ दिसतो. हिमोग्लोबिन हा रोजचा स्वयंपाक, फेरिटिन ही कणगी. कणगी आधी रिकामी होते, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर कोठार संपलं आहेच, आणि ३० च्या खाली असलं तरी बहुतेक डॉक्टर ते कमीच धरतात. लॅबच्या कागदावर मर्यादा १० किंवा १३ पासून सुरू होत असेल, तर १४ या आकड्याशेजारी काही ठळक छापलेलं नसेल. म्हणून ठळक अक्षरांवर जाऊ नका, आकडा स्वतः वाचा.

थायरॉईड आणि लोह यांची गाठ पक्की आहे. थायरॉईड कमी झालं की पाळी जोराची आणि लांबलेली येते, त्यातून लोह जातं. आणि ग्रंथीत हार्मोन तयार करणाऱ्या थायरॉईड पेरॉक्सिडेझ या एन्झाइमला स्वतःलाच लोह लागतं.

दोन फसवे प्रसंग. एक, ताप, सूज, जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे आजारात आलेल्या ६० वर विसंबू नका. दोन, सीबीसीमधला एमसीव्ही, म्हणजे लाल रक्तपेशींचा सरासरी आकार. लोह कमी असलं की रक्तपेशी लहान होतात, ८० च्या खाली. बी१२ कमी असलं की मोठ्या होतात, १०० च्या वर. दोन्ही एकदम कमी असलं तर सरासरी मधोमध येते आणि कागद सांगतो 'नॉर्मल'. तेव्हा शेजारचा आरडीडब्ल्यू वाढलेला आहे का ते बघा. लहानमोठ्या पेशींची भेसळ तिथे उघडी पडते.

लोहाची गोळी सुरू केल्यावर हिमोग्लोबिन महिन्याभरात वर येऊ लागतं, पण कणगी भरायला वेळ लागतो. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. मी पहिल्यांदा मधेच सोडली होती, सोडू नका. आणि पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत फेरिटिन कमी आलं, तर गोळी घेऊन गप्प बसायचं नाही. पोटातून कुठे रक्त जातं आहे का ते शोधायला हवं.

जेवणाचं म्हणाल तर आपली जोंधळ्याची भाकरी, नाचणी, डाळी यांत लोह आहे, पण त्यांतल्याच फायटेट नावाच्या घटकामुळे ते सहज शोषलं जात नाही. मोड आणलेल्या मुगा-मटकीच्या उसळीवर अर्धं लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको, तास-दीड तास जाऊ दे. कमी झालेलं कोठार मात्र नुसत्या बीट-गुळाने भरत नाही.

७. बी१२ आणि डी

आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. बी१२ निसर्गात प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं, म्हणजे माळकरी माणसाला दूध, दही, ताक एवढाच आधार. चहातल्या घोटभर दुधाने ते भागत नाही. शिवाय हाशिमोटो असणाऱ्या काहींच्या जठरावरही रोगप्रतिकारशक्तीचा तसाच हल्ला होतो आणि खाल्लेलं बी१२ सुद्धा शोषलं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोजची ॲसिडिटीची गोळी ही आणखी दोन कारणं.

२०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० संशयास्पद. हातापायांना मुंग्या, पायाखाली गादी असल्यासारखं वाटणं, विसरभोळेपणा असेल तर संशयास्पद आकड्यालाही डॉक्टरांपुढे ठेवा. तपासणीच्या आधी मल्टिव्हिटॅमिन घेऊ नका, आकडा फुगतो आणि मूळ स्थिती कळत नाही. आणि बी१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड मोठ्या डोसमध्ये घेऊ नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

व्हिटॅमिन डी २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. त्याची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्याला एक अशी ठराविक आठवडे देतात. धोका पुढे आहे: चिठ्ठी संपली तरी मेडिकलमधून पुड्या आणत राहायच्या. जास्त झालेलं डी शरीर पटकन बाहेर टाकत नाही, रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, मूतखडा होतो. किती पुड्या, कधी थांबायचं, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

८. गोळ्यांचं वेळापत्रक

फेरिटिन ९ आल्यावर मी लोहाची गोळी सुरू केली, ती थायरॉईडच्या गोळीबरोबर, पहाटे साडेपाचला, एकाच पेल्यात. दोन्ही रिकाम्या पोटी घ्यायच्या, मग एकदम घेतल्या तर काय बिघडलं, असं वाटलं. दोन महिन्यांनी टीएसएच ९.८. डोस ७५ चा १०० मायक्रोग्रॅम झाला. चार महिन्यांनी लोहाचा कोर्स संपला आणि छातीत धडधड, रात्रभर डोळा नाही. टीएसएच ०.०८. लोहाने गोळीतलं थायरॉक्सिन आतड्यात धरून ठेवलं होतं. लोह बंद झाल्यावर पूर्ण १०० अंगी लागू लागलं. डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला, "लोहाची गोळी कधी घेत होता?" आणि सगळं उलगडलं.

दवाखान्यातल्या सिस्टर सांगतात, "अक्का, खाली होट्टे." रिकाम्या पोटी, बरोबर. पण रिकाम्या पोटी म्हणजे थायरॉईडची गोळी एकटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. चहा नाही, कॉफी तर नाहीच. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची चघळायची गोळी यांत चार तासांचं अंतर. सोयाबीनचे पदार्थही गोळीपासून लांब ठेवा.

गरोदर बाईला अंगणवाडी किंवा आशाताईंकडून लोह-फॉलिकची आणि कॅल्शियमची अशा दोन्ही गोळ्या मिळतात. त्या घ्यायच्याच असतात. घरात असं लिहून लावता येईल, डॉक्टरांना दाखवून:

- पहाटे ६: थायरॉईडची गोळी, पाण्याबरोबर
- सकाळी ७ नंतर: चहा, नाश्ता
- सकाळी ११: लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर
- दुपारच्या जेवणाबरोबर, दीड-दोन वाजता: कॅल्शियम
- रात्रीच्या जेवणाबरोबर: कॅल्शियमची दुसरी

पहाटे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना थायरॉईडची गोळी घेतलेली चालते. रात्रीचं कॅल्शियम मग दुपारकडे सरकवावं लागेल. डॉक्टरांना विचारून एकच वेळ ठरवा आणि ती मोडू नका.

बाटली स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवू नका. आपल्याकडे, विशेषतः खानापूरकडे, पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल असते. ही गोळी उष्णता, उजेड आणि दमटपणाने कमकुवत होते. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट, कोरड्या कपाटात. कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघून घ्या.

९. आयोडीन, सेलेनियम आणि कोबी

भारतात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, आणि आज दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं. तेवढं पुरतं. हल्ली घरोघरी सैंधव आलं आहे, त्यात हे आयोडीन मिसळलेलं नसतं, तेव्हा रोजच्या आमटी-भाजीला साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. उलट हाशिमोटोत वरून आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्या तर ग्रंथी आणखी मंदावू शकते. एका माणसाच्या लघवीतलं आयोडीन एकदा तपासून फारसं काही कळत नाही.

सेलेनियम हे खनिज तपासण्याची बहुतेकांना गरज नसते, आणि जास्त झालं तर ते विषारी आहे. कोबी-फ्लॉवरने थायरॉईड बिघडतं असं सांगतात, पण ते शिजवून खा, निर्धास्त. सासूबाईंनी माझ्यासाठी दोन वर्षं घरात कोबी आणला नव्हता.

१०. पुढची तारीख

थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो आणि पिट्युटरीला नव्या पातळीची सवय व्हायला आणखी काही आठवडे. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच करा. पंधरा दिवसांनी केलेला आकडा अर्धवट प्रवासातला असतो. स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. फेरिटिन आणि बी१२ उपचार सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी.

दवाखान्यातून घरी आल्या आल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या तारखेवर गोल करा. त्याच्या दोन दिवस आधीच्या चौकोनात लिहा: 'केसांची गोळी बंद'. आणि त्या तारखेच्या चौकोनात: 'रक्त आधी, गोळी नंतर, फाईल बरोबर'.